अर्ध्यावरची नावं

“चला मैनाबाई, नाव घ्या आता,” असं रत्नप्रभा नेहमीच्या सवयीनं बोलून गेली आणि थिएटरमध्ये कुणी हसलं नाही. एरवी या वाक्याला हसू यायचंच. बाई लाजायची, पदर पुढे ओढायला हात उचलायची आणि अंगावर पदर नाही हे कळल्यावर तो हात तसाच हवेत राहायचा. मग नर्स विमलताई म्हणायची, घ्या हो, इथं काही सासू नाही. आज विमलताई कात्र्या मांडता मांडता थांबली. भुलीच्या औषधाची सिरिंज हातात धरून रत्नप्रभा टेबलाच्या डोक्याशी उभी होती, आणि टेबलावरची बाई, नाकात नळी, पोट दिवस भरलेल्या बाईसारखं वर आलेलं, ओठ सुकून पांढरे पडलेले, वरच्या मोठ्या दिव्याकडे बघत गप्प पडून होती. दिवा अजून लावलेला नव्हता. विमलताई हातमोजे घातलेले हात छातीशी धरून दोन पावलं जवळ आली आणि मास्कच्या आतून हळूच म्हणाली, “मॅडम, मालक नाहीत त्यांचे. मागच्या सालच्या फवारणीत गेले.”

रत्नप्रभाला पहिल्यांदा राग आला तो विमलताईचा. आधी सांगायला हिच्या तोंडाला काय झालं होतं. मग केसपेपरचा आला. त्यावर ठळक अक्षरांत ‘मैनाबाई विठ्ठलराव गावंडे’ असं लिहिलं होतं, आणि कागदावर बाईचा नवरा कधी मरत नाही. मग आपल्या गुडघ्यांचा, आर्णी रोडवरच्या धुळीचा, बासष्टाव्या वर्षी अजून ही पिशवी घेऊन हिंडण्याचा असा सगळ्यांचा राग येऊन गेला, आणि शेवटी उरली ती नुसती लाज, जी कुणावर काढता येईना. खरं म्हणजे ही चूक आजवर झाली नव्हती हेच नवल होतं. थिएटरात आणताना प्रत्येक बाईचं सगळं उतरवून ठेवतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, टिकली, सगळं विमलताई एका रुमालात बांधून नातेवाइकांच्या हातात देते. कुणी फारच रडारड केली तर मनगटाला काळा दोरा बांधून देते. तेव्हा या खोलीत येणारी प्रत्येक बाई घटका दोन घटका सारखीच दिसते, नवरा बाहेर बाकावर बसलेला असो की नसो. रत्नप्रभा आदल्या दिवशी वॉर्डात जाऊन पेशंटला बघायची, तेव्हा उशाशी कोण बसलंय ते दिसायचं. आजची केस मात्र धावपळीतली. संमतीच्या कागदावर मुलीची सही होती आणि तिनं मनाशी धरलं होतं की बाप वावरात असेल, कापूस वेचायचे दिवस आहेत.

ही नाव घ्यायची सवय तिला लागली ती पांढरकवड्याला, अगदी पहिल्या नोकरीत. नागपूरला शिकताना सरांनी सांगितलं होतं, औषध देताना पेशंटला शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावायचे. बोलणं जड झालं की समजायचं, लागली झोप. पांढरकवड्याला पहिली बाई आली ती झरी जामणीकडची, आणि ती म्हणाली, बाई, मले वीसपर्यंत येते, तेही सुलटे. रत्नप्रभाही तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीसची, गोंधळलेली. तिच्या तोंडून निघून गेलं, मग नवऱ्याचं नाव घे. आणि ती बाई, जी इतका वेळ थरथरत होती, चक्क लाजली. भीती कुठल्या कुठे गेली. बायांच्या मनात एक जागा असते जिथं उखाणे असतात, आणि तिथं सुरी, रक्त, मरण असलं काही पोचत नाही, हा शोध कुठल्याही पुस्तकात नव्हता आणि तो आपण लावला याचा तिला पुढे बरीच वर्षं अभिमान वाटला. मग ती खोडसाळ झाली. उखाण्याची पहिली ओळ संपून नाव ओठांवर यायला लागलं की नेमका त्याच क्षणी ती सिरिंजचा दांडा दाबायची. बाई ‘राव’ म्हणायच्या आत झोपून जायची, आणि सर्जन म्हणायचा, मालक राहिले बाहेरच. चहाच्या पैजा लागायच्या, मालक आत येतात की नाही यावर. मालक क्वचितच आत यायचे. पुसदला, वणीला, दारव्ह्याला, यवतमाळच्या गल्लोगल्लीच्या दवाखान्यांत चौतीस वर्षं हा खेळ चालला होता. हात सफाईदार झाला होता तिचा.

“मागच्या वक्ती तुमीच व्हत्या ना बाई?” टेबलावरून आवाज आला. नाकातल्या नळीमुळे तो आवाज गेंगाणा होता, पण शांत होता. “आवाज वळखला मी.”

रत्नप्रभा दचकली. भूल देणाऱ्या माणसाला कुणी ओळखत नाही. सर्जनला ओळखतात, त्याला बाजारात वाकून नमस्कार करतात, त्याच्या घरी हरभऱ्याची पेंडी आणि नव्या तुरीची डाळ पोचवतात. भूल देणारी बाई तोंडाला फडकं बांधून डोक्यामागून येते आणि पेशंट उठायच्या आत निघून जाते. तिचा नवरा नरहर तिला चिडवायचा, तुझा धंदा चोराचा आहे, आलीस कधी नि गेलीस कधी पत्ता नाही. तिला स्वतःला तर मैनाबाई मुळीच आठवत नव्हती. सकाळी सर्जन चारुदत्तनं फोनवर सांगितलं होतं की मॅडम, माझीच जुनी पेशंट आहे, पावणेदोन वर्षांपूर्वी मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढला होता, तुम्हीच होतात भुलीला. हो का, म्हणाली होती ती, आणि चहाचा कप विसळून ठेवला होता. पोटं आठवत नाहीत. चेहरे तर उलटेच बघितलेले असतात, डोक्याकडून. कपाळ खाली आणि हनुवटी वर.

सकाळी दहाला ती पोचली तेव्हा मुलगी निकिता जिन्यातच उभी होती. चोवीस-पंचवीसची, घाटंजीच्या कुठल्याशा शाळेत शिकवणारी, हातात आईच्या जुन्या कागदांची प्लॅस्टिकची थैली. चारुदत्तनं तिला खालच्या खोलीत सगळं सांगितलं होतं, तरी रत्नप्रभानं पुन्हा सांगितलं, कारण भुलीसाठी फिट की अनफिट हा शब्द तिनं लिहायचा असतो आणि त्या शब्दाखाली सही तिची असते. रोग परत आलाय, पोटभर पसरलाय, त्यानं आतडं आवळलंय, म्हणून चार दिवस उलट्या आहेत आणि पोट फुगलंय. तो काही आता निघायचा नाही. डॉक्टर फक्त अडलंय त्याच्या अलीकडून आतडं पोटावर आणून एक वाट काढून देतील, तिथं पिशवी लागेल. उलट्या थांबतील, चार घास खाता येतील. किती दिवस, निकितानं विचारलं. महिने म्हणा, दोन, तीन. आणि नाही केलं तर? नाही केलं तर याच आठवड्यात, आणि फार त्रास होऊन. नागपूरला न्यायचं म्हटलं तर रस्त्यातच काही झालं तर सांगता येत नाही. मुलगी थैलीच्या बंदाशी खेळत राहिली. मग म्हणाली, “पन टेबलावरच राह्यली तर, मॅडम?” शिक्षिका असून घाबरल्यावर तिची भाषा घरची झाली होती. रत्नप्रभानं तिला खरं सांगितलं. नाडी एकशे तीस, प्रेशर नव्वद, अंगात रक्त नाही. “आठ आणे,” ती म्हणाली. “आठ आणे उठतील, आठ आणे नाही.” अशा वेळी टक्के सांगितले की लोक परीक्षेतल्यासारखे ऐकतात. आठ आणे म्हटलं की कळतं. निकितानं सही केली. आणि सही करून झाल्यावर, जणू विसरलेलं आठवावं तसं म्हणाली, “आईले इचारलं मी. ती म्हणाली, मले एकदा थेटरात जायचंच हाये.” रत्नप्रभाला ते विचित्र वाटलं, पण सकाळी दहा वाजता विचित्र वाटून घ्यायला तिच्याकडे वेळ नव्हता. तिनं ‘हाय रिस्क’ लिहून फिट लिहिलं आणि सही केली.

“तवाही तुमी नाव घ्या म्हणलं,” मैनाबाई सांगत होती. एकेक वाक्य बोलून ती दम घेत होती. “म्या सुरू केलतं. पऱ्हाटीच्या वावरात तुरीचं तास. एवढंच झालं. मंग काई आठोत नाई. जाग आली त खाटेवर व्हती, अन् हे बाजूले बसून व्हते, केळं सोलून राह्यलते सोताच खायाले.”

चारुदत्त हात धुऊन आत आला होता. ओले हात वर धरून तो उभा होता आणि मॉनिटरकडे बघत होता. तो चाळिशीचा, हुशार, घाई न दाखवणारा माणूस, पण घाई त्याच्या मानेत दिसायची. “मॅडम, प्रेशर पंच्याऐंशी,” तो म्हणाला.

“कोनाले बोलली नाई मी,” मैनाबाई म्हणाली. “आमच्याकडे नाव अर्धं सोडू नाई म्हनते. सुरू केलं त पुरं कराव लागते. मी म्हनलं घरी जाऊन घेईन. पन घरी कोन नाव घेते, बाई. मले सरम आली. लगन होऊन तीस वर्सं, अन् आता कायले नाव घेत बसू, हासले असते मले. मंग पेरनी आली. मंग ते फवारनीले गेले. सांजच्याले आले त डोये दिसे ना त्याईले. दोन दिवसात गेले.”

“मैनाबाई,” रत्नप्रभा म्हणाली, “असं काही नसतं.”

“ते मले मालूम हाये. शिकलेले लोक असंच म्हनते. निकिताबी म्हनते. पर अर्धं त राह्यलं ना?”

राहिलं होतं, हे खरंच होतं. रत्नप्रभाच्या हातातली सिरिंज कोमट झाली होती. तिच्या डोक्यात एकदम कितीतरी बायका बोलायला लागल्या, चांदीच्या ताटात, अंगणात तुळस, सोयाबीनच्या शेंगा, एसटीची खिडकी, प्रत्येकीची एकच ओळ आणि पुढे काही नाही. चौतीस वर्षांत आपण एकीलाही नाव पुरं घेऊ दिलेलं नाही, हे तिला आज पहिल्यांदा कळलं. त्या बायका उठून घरी गेल्या असतील आणि त्यांतल्या किती जणींना वाटलं असेल की काहीतरी मागे राहिलं, आणि कुणाला सांगितलं नसेल, कारण यात सांगण्यासारखं काय आहे. मूल दगावलं असेल, बैल मेला असेल, नवरा पडला असेल विहिरीवर, आणि तेव्हा त्यांना इथलं टेबल आठवलं असेल. हे सगळं आपण चहाच्या पैजेवर केलं. गुन्हा म्हणावा तर नाही. कुठल्या कायद्यात बसत नाही, नरहर असता तर म्हणाला असता.

नरहरचं नाव तिनं स्वतः कधी घेतलं नव्हतं, म्हणजे उखाण्यात. अमरावतीला लग्नात सगळ्या आग्रह करत होत्या तेव्हा ती म्हणाली होती, मी डॉक्टर आहे, मी असलं काही करणार नाही, आणि नरहरला ते आवडलंही होतं. तो वकील, नव्या मतांचा. ती त्याला सरळ नरहर म्हणायची, सासूबाईंसमोरसुद्धा, आणि शेजारच्या बायका कानात बोटं घालायच्या बाकी होत्या. नरहर, दूध उतू गेलं. नरहर, गाडीत पेट्रोल आहे का. नरहर, साकेतचा फोन. तीस वर्षं दिवसातून पन्नासदा. सहा वर्षांपूर्वी तो दुपारी झोपला होता. ती दारव्ह्याहून केस आटोपून आली, त्याला कुशीवर निजलेला पाहिलं आणि म्हणाली, झोपू दे. चहा एकटीनं घेतला. पेपर वाचला. साडेपाचला उठवायला गेली तेव्हा तो थंड होता. लोकांना झोपवणं आणि उठवणं हाच जिचा धंदा, तिला आपल्या घरातली झोप ओळखता आली नाही. चोराचा धंदा म्हणणाऱ्या त्या माणसानंही असंच केलं, गेला कधी पत्ता नाही. त्यानंतर ते नाव तिच्या तोंडून बंद झालं. घरात कुणाला हाक मारायची? साकेतशी बोलताना ‘तुझे बाबा’, बँकेत ‘कैलासवासी’, हळदीकुंकवाला तर आता बोलावणंच नाही. हे सगळं उभ्या उभ्या दोन-तीन श्वासांत आठवून गेलं, आणि मॉनिटरचा आवाज तसाच चालू होता.

“माह्यावानी बाईनं आता घेतलं त चालते का, बाई?” मैनाबाईनं विचारलं. तिनं मान मागे टाकून रत्नप्रभाकडे उलटं बघितलं. “घरी नाई घेता येत. मानसाच्या मांगं नाव घेतलं त लोक येडी म्हनतीन. इथंच राह्यलं व्हतं, म्हून मी म्हनलं, इथंच पुरं करून टाकू.”

तर ही बाई यासाठी आली होती. उलट्या थांबायला नाही, चार घासांसाठी नाही, दोन महिन्यांसाठी नाही. आणि चालतं की नाही हे सांगायचा अधिकार तिनं या खोलीत रत्नप्रभाला दिला होता, जिनं स्वतःच्या लग्नात नाव घेतलं नव्हतं. चारुदत्त म्हणाला, “मॅडम, आपण उशीर करतोय.” रत्नप्रभा त्याला म्हणाली, “थांब जरा,” आणि तिनं त्याला इतक्या वर्षांत एकेरीत कधी थांबवलं नव्हतं. मग ती मैनाबाईच्या कानाशी वाकली. गुडघ्यात कळ आली. “चालतं,” ती म्हणाली. काही होणार नाही, लगेच उठाल, दुखणार नाही, हे सगळं ती ज्या आवाजात सांगत आली होती त्याच आवाजात तिनं सांगितलं. खरं की खोटं हे तिलाही ठाऊक नव्हतं.

मैनाबाईनं डोळे मिटले. ओठांवरून जीभ फिरवली, पण जीभही कोरडी होती. “पऱ्हाटीच्या वावरात तुरीचं तास,” मिटल्या डोळ्यांपुढे कपाशीतली तुरीची ओळ दिसत असल्यासारखी ती म्हणाली आणि थांबली. सगळे थांबले. रत्नप्रभानं सिरिंज धरलेला हात स्वतःच्या पोटाशी आवळून धरला, सवयीनं तो दांडा दाबला जाऊ नये म्हणून. “विठ्ठलरावाचं नाव घ्याले,” मैनाबाई म्हणाली, आणि मग फार सावकाश, दम लागलेला असूनही एकही अक्षर न गाळता, “मले कायचा तरास.” नंतर तिनं श्वास सोडला. चेहऱ्यावर लाज नव्हती, रडूही नव्हतं. धुणं वाळत घालून झाल्यावर बायका जशा कमरेवर हात ठेवून घटकाभर उभ्या राहतात तशी ती पडून होती. “झालं,” ती म्हणाली. “टाका आता.”

रत्नप्रभानं औषध दिलं. पहिल्यांदाच आपण एका पूर्ण झालेल्या बाईला झोपवतोय, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराची तिला भीती वाटली. अर्धवट राहिलेल्या बायका उठत होत्या. काहीतरी अडकलेलं असायचं त्यांचं इकडे. हिचं काय अडकलंय? मग तिला स्वतःचाच संताप आला. चौतीस वर्षं डॉक्टरकी केलेल्या बाईचं डोकं एका उखाण्यानं असं फिरावं. तिनं घशात नळी घातली, ती नीट बसली, छाती दोन्हीकडे सारखी हलली. दिवा लागला.

चारुदत्तनं पोट उघडलं आणि आत सगळीकडे हात फिरवून बघितलं. पडद्याच्या अलीकडून रत्नप्रभाला फक्त त्याचे डोळे दिसत होते. “साबुदाणा सांडल्यासारखं झालंय सगळीकडे,” तो शेवटी म्हणाला. “मॅडम, मागच्या वेळी एक दाणा नव्हता. मी स्वतः हात फिरवून बघितलं होतं.” कुणी त्याला काही म्हटलेलं नव्हतं. “तुला कोण काय म्हणतंय,” रत्नप्रभा म्हणाली. तो खाली बघून काम करायला लागला. आतडी एकमेकांना चिकटलेली होती, बोट घालायला जागा नव्हती, आणि जिथं हात लावावा तिथून पाझरत होतं. मोकळा असा एक वेढा मिळवायला त्याला पाऊण तास लागला. या पाऊण तासात प्रेशर दोनदा साठवर आलं. रत्नप्रभानं रक्ताची दुसरी पिशवी लावली, मग पिशवीला दोन्ही हातांनी दाबत उभी राहिली. एकदा नाडी एकदम मंदावली, पन्नास, बेचाळीस. तिनं औषध भरलं, दिलं, आणि मॉनिटरकडे न बघता मैनाबाईच्या गळ्यावर बोटं ठेवून उभी राहिली. खोलवर कुठं तरी ठोका होता. मग दुसरा. तिला हिला उठवायचंच होतं. असं तिला कधी वाटत नसे. पेशंट उठावा अशी तिची इच्छा असे, पण ती इच्छा नेमून दिलेल्या कामासारखी असे. आजची वेगळी होती, हट्टी, जवळजवळ भांडखोर. मी चालतं म्हणाले म्हणून ही गेली तर, असं तिला वाटत होतं. दुपारी झोपलेल्या माणसाला न उठवता आपण पेपर वाचत बसलो होतो, हेही वाटत होतं. दोन्ही गोष्टींचा इथं काही संबंध नव्हता आणि ते कळत असूनही त्या सुटत नव्हत्या.

एक वाजता पोट शिवून झालं. पोटाच्या डाव्या बाजूला आतड्याचं लाल तोंड आणून ठेवलं होतं, वर पिशवी चिकटवली होती, आणि शिवत असतानाच तिच्यात चार दिवसांचं तुंबलेलं भरायला लागलं होतं. चारुदत्त त्याकडे बघून म्हणाला, “काम तर झालं.” मैनाबाई मात्र उठली नाही. भूल केव्हाच बंद केली होती. हाका मारल्या, खांदा हलवला, कपाळ चोळलं. श्वास उथळ, नळी काढण्यासारखा नाही. चारुदत्तची ओपीडी खोळंबली होती. तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही जा, मी वॉर्डबॉयला बसवतो इथं.” रत्नप्रभा म्हणाली, “मी आहे.” तिनं स्टूल ओढलं आणि बाजूच्या खोलीत खाटेशी बसून हातानं फुगा दाबायला सुरुवात केली. यंत्र होतं, पण तिनं हातानंच दिला श्वास. खिडकीतून समोरच्या जिनिंगकडे जाणाऱ्या कापसाच्या गाड्यांची रांग दिसत होती आणि उन्हात बारीक तंतू उडत होते. विमलताईनं चहा आणला, तो गार झाला. निकिता दाराच्या काचेतून बघायची, जायची, पुन्हा यायची. दोन वाजले, तीन वाजले. फुगा दाबता दाबता रत्नप्रभाच्या अंगठ्याला रग लागली. तिनं हात बदलला. मध्येच तिच्या लक्षात आलं की आपले ओठ हलताहेत. नरहर, ती म्हणत होती. उखाणा नाही, काही नाही, नुसतं नाव, फुग्याच्या तालावर. विमलताईनं ऐकलं असेल तर तिनं तसं दाखवलं नाही.

सव्वाचारला मैनाबाई खोकली. मग स्वतःचा श्वास घ्यायला लागली, आधी तुटक, मग बरा. रत्नप्रभानं अर्धा तास वाट बघितली आणि नळी काढली. घसा साफ केला, तोंडावर ऑक्सिजन धरला, आणि हाक मारली, “मैनाबाई.” डोळे उघडले. यावेळी रत्नप्रभा समोरून बसली होती आणि दोघी एकमेकींना सरळ बघत होत्या. चेहरा छान होता बाईचा, हनुवटीवर गोंदण होतं, सकाळी ते दिसलंच नव्हतं. रत्नप्रभाला हसू आलं, खरंखुरं, गळ्यापर्यंत आलेलं. शुद्धीवर आल्यावर लोक काय विचारतात हे तिला पाठ होतं. झालं का? किती वाजले? निघाली का गाठ? या सगळ्यांची उत्तरं तिच्याकडे तयार होती.

मैनाबाई तिच्याकडे बघत राहिली. मग छत, सलाइनची बाटली, खिडकी असं एकेक बघितलं. आपण कुठं आहोत हे तिला कळत गेलं तसा तिचा चेहरा उतरत गेला.

“काहून उठवलं बाई मले?” ती म्हणाली.

आवाज नुसता घोगरा वारा होता, पण शब्द स्वच्छ होते. त्यात राग नव्हता. रागावली असती तर बरं झालं असतं. हिनं सकाळी ‘झालं’ म्हटलं होतं आणि ते आपण ऐकलं होतं. ‘टाका आता’ म्हटलं होतं तेही ऐकलं होतं. तरी दिवसभर आपण हिला ओढत बसलो, हिच्यासाठी की आपल्यासाठी? दोन महिने, पिशवी, वास, पुन्हा अडेल ते पोट, पुन्हा वेदना. त्या दोन आठ आण्यांतले कुठले आठ आणे हिला हवे होते हे आपण विचारलं नाही. निकितानंही नाही विचारलं. रत्नप्रभाला काहीतरी उत्तर द्यायला हवं होतं आणि बासष्ट वर्षांच्या आयुष्यात तिला एकच सापडलं. “मला तेवढंच येतं, मैनाबाई,” ती म्हणाली.

मैनाबाईनं ते ऐकलं की नाही कळलं नाही. तिनं मान भिंतीकडे वळवली होती. दार लोटून निकिता आत आली, पायांतल्या चपला बाहेर काढून, दबकत, जसं काही खोलीत बाळ झोपलंय. आईचे ओठ हललेले तिनं काचेतून पाहिले होते. “उठली ना, मॅडम? बोलली ना?” तिचे डोळे भरून आले होते. “काय म्हणते आई?”

रत्नप्रभा स्टुलावरून उठली. “पाणी मागते आहे,” ती म्हणाली.

पाणी द्यायचं नव्हतं अजून, पण ओठ ओले करायला हरकत नव्हती. तिनं वाटीत पाणी घेतलं, कापसाचा बोळा भिजवला आणि मैनाबाईच्या ओठांना लावला. मैनाबाईनं तोंड फिरवलं नाही. भिंतीकडे बघत, डोळे मिटून, तिनं तो बोळा ओठांत धरला आणि चोखायला लागली, जोरानं, गालांना खळगे पडेपर्यंत. त्यातलं पाणी केव्हाच संपलं तरी ती सोडेना. दुसरा भिजवायचा म्हणून रत्नप्रभाला तो ओढून काढावा लागला.